शेंदराखालचा मजकूर

चालक नसलेले ट्रक खैरगावच्या फाट्याशी आले की आपोआप वेग कमी करायचे. त्यांच्या नकाशातही तिथं 'वीरोबा' भरलेला होता. रस्ता आठपदरी झाला, पण त्या शेंदरी दगडाला हलवायची कुणाची छाती झाली नव्हती.

दगड गावच्या वीराचा, यात वाद नव्हता. वाद होता तो गाव कुठलं याचा, खुर्द की बुद्रुक. खुर्दच्या नवरदेवानं शेंदूर लावला, की बुद्रुकचा पुढचा नवरदेव त्यावर आपला थापणार. पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललं होतं आणि कोरीव काम कुणीच पाहिलेलं नव्हतं. मागच्या दसऱ्याला यावरूनच हाणामारी झाली, त्यात खुर्दचा तुषार गेला.

अखेर न्यायालयानं विद्यापीठातल्या शाल्मलीला नादवाचक देऊन पाठवलं. हे यंत्र बारीक ध्वनिलहरी सोडतं. शेंदराचा पडसाद वेगळा येतो, दगडाचा वेगळा. त्यामुळं शेंदूर न खरवडता आतलं कोरीव काम पडद्यावर उमटतं.

तुषारची आई, हौसाबाई, सकाळपासून शेजारी बसून होती. "ताई, वीर आमचाच निगंल न्हवं? पोरगं त्याच्यापायी गेलं माझं."

"बघू या, मावशी," शाल्मली म्हणाली. आपलं उत्तर या बाईला पेलेल का, याची तिला धास्ती वाटत होती.

आधी चंद्र-सूर्य उमटले, मग अक्षरांच्या ओळी. खाली ढाल-तलवार दिसायला हवी होती. दिसलं गाढव, आणि गाढवाखाली एक बाई. शाल्मलीनं यंत्र बंद करून पुन्हा लावलं. चित्र तेच आलं.

दोन्ही गावांचे सरपंच पडद्यावर वाकले. "ही वीरगळ नाही," ती म्हणाली. "गधेगाळ आहे. शापाचा दगड. लिहिलंय, हे गायरान दोन्ही गावांचं, सामाईक. यावरून जो तंटा करील, त्याच्या आईला…" पुढचं तिनं वाचलं नाही.

बुद्रुकचे सरपंच आधी सावरले. "मग ह्यो खुर्दचाच!"

"आमचा? कालपत्तुर तुमचा व्हता की!" खुर्दचे सरपंच उसळले.

असेच भांडत दोघं आपापल्या गाड्यांकडे गेले. सामाईक हा शब्द दोघांनीही कानाआड केला होता. शाल्मलीला त्यांची किळस आली, आणि आपल्या यंत्राचीही.

हौसाबाई मात्र जागची हलली नाही. "शाप कुनाला म्हनलात, ताई?"

शाल्मलीला खोटं बोलता आलं नाही. "आईला."

हौसाबाईनं मान हलवली, जणू हे तिला कधीचंच ठाऊक होतं. पदराची गाठ सोडून तिनं चिमूटभर शेंदूर काढला. वीर आपला ठरला की लावायचा म्हणून आणलेला. तो तिनं दगडाला लावला नाही, पुन्हा बांधूनही ठेवला नाही. तळहातावर तसाच धरून ती पडद्यावरच्या बाईकडे बघत राहिली.

"आता ह्यो दगड कुनाचाच न्हाई म्हंत्यात," ती म्हणाली. "मग माझं पोरगं कुनासाठी गेलं, ते दिसतंय का तुमच्या यंत्रात?"