ताजा डिंक

"बारीकातला पॉलिश पेपर द्या हो. चांदीची नाणी घासायचीत."

मुलुंडच्या हार्डवेअरच्या दुकानात ब्रश घ्यायला आलेल्या सुलक्षणानं हे ऐकलं आणि तिच्या तोंडून निघूनच गेलं, "अहो, काय करताय! वाट लागेल ना नाण्यांची!"

तो वळला. सत्ताविशीचा असेल. खिशाला दोन पेनं, हातात वर्तमानपत्राची पुडी. अनोळखी मुलीनं असं दरडावल्यावर रागवायचं सोडून तो चक्क हसला.

"मग तुम्हीच सांगा, काय करू ते."

पुडीत इंग्रज राजाराणीच्या छापाचे तीन जुने रुपये होते, आणि तिन्हींवर तपकिरी चिकटा. त्याचं नाव मार्तंड गावडे, घाटकोपरच्या एका बँकेत कारकून. वडिलांनी हौसेनं जमवलेली नाणी शाळेच्या वहीत चिकटपट्टीनं लावून ठेवली होती. वडील गेले, पट्ट्या वाळून गळल्या, डिंक तेवढा नाण्यांवर राहिला. सुलक्षणा रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला. असले डाग काढणं तिच्या रोजच्या हातातलं.

"ॲसिटोननं निघेल. घासायचं नाही, खरवडायचं नाही. रविवारी घरी या, दाखवते," ती म्हणाली आणि तिनं जीभ चावली. "म्हणजे... घरी आई-बाबा असतात."

"बरं झालं सांगितलंत," तो गंभीरपणे म्हणाला. "नाहीतर मी घाबरलो असतो."

हे पंच्याऐंशी सालचं. गिरणीतली नोकरी सुटल्यापासून तिचे बाबा, गुणाजी परब, घरीच असत. नाणी पाहून ते खुलले. तिचा थोरला भाऊ अंबादास मात्र पेपराआडून पाहुण्याला न्याहाळत राहिला.

गॅलरीची खिडकी सताड उघडून सुलक्षणानं काचेच्या वाटीत ॲसिटोन ओतलं. "आई, स्टोव्ह लावू नकोस हं, हे भडकतं." मग मार्तंडला म्हणाली, "हे अगदी शुद्ध लागतं. नेलपॉलिश काढायचं चालत नाही, त्यात तेल नि अत्तर असतं. नाणं कडेनं धरा... अलगद."

"असं?"

"अलगद म्हटलं. आणि नाण्याला धरा, माझ्या बोटाला नव्हे."

तो कानापर्यंत लाल झाला. वाटीत डिंक हळूहळू फुगला, सुटला, साय निघावी तसा वर आला. दुसऱ्या वाटीत एक स्वच्छ बुडी, मग मऊ कापडावर नुसतं टिपणं. भिजलेल्या बोटांना गार गार लागत होतं, आणि दोघांनाही हात पुसायची घाई नव्हती.

"चिंचेनं चकचकीत केलं असतं की," आई म्हणाली.

"चकचकीत झालं की जुनेपण गेलं गं. ते परत नाही येत."

मग दर रविवारी तो येऊ लागला. एका वेळी तीनच नाणी. वही अख्खी आणली असती तर एका दुपारी काम उरकलं असतं... हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण ती कशाला बोलतेय! रविवारी ती अबोली माळू लागली, आणि तो शर्टाला इस्त्री करून येऊ लागला.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी तिनं नाणं वाटीत सोडलं आणि चिकटा क्षणात सुटला. ती थबकली. जुना डिंक असा सुटत नाही. तो कडक होतो, तपकिरी पडतो, तासभर रुसून बसतो. हा तर पांढरा, ओला... चार दिवसांचासुद्धा नसेल. म्हणजे वहीतली नाणी केव्हाच संपली होती. हा वेडा स्वच्छ झालेल्या नाण्यांना पुन्हा पट्ट्या लावून आणत होता!

आनंदाच्या भरात ती मोठ्यानं हसली.

"अहो, हा डिंक तर ताजा आहे! परवाच चिकटवलात ना?"

बाबा हसले. आई पदर तोंडाला लावून हसली. अंबादासनं पेपर खाली केला. "असं होय! तरी म्हटलं, नाणी संपत कशी नाहीत. कारकूनसाहेब, इथे येण्याचं कारण नाणी की आमची बहीण?"

मार्तंडचा चेहरा उतरला. त्यानं ओली नाणी तशीच उचलून रुमालात बांधली. "येतो मी," एवढंच म्हणाला. सुलक्षणा वाटी धरून उभीच राहिली.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. रागावलाय, येईल आपणहून, ती मनाशी म्हणत राहिली. मुलीच्या जातीनं का जायचं? असं म्हणता म्हणता संक्रांत उलटली. शेवटी एका शनिवारी ती घाटकोपरला त्याच्या बँकेत गेली.

तो काउंटरमागे होता. वाळला होता जरा.

"मी चेष्टा नव्हती केली हो," ती जाळीशी वाकून म्हणाली. "मला आनंद झाला होता... म्हणून हसले."

त्याच्या हातातलं पेन थांबलं.

"मला वाटलं, तुम्ही सगळे मिळून हसलात. कणकवलीला बदली मागून घेतली मी. आणि... आईनं तिकडे एक मुलगी पाहिली होती. परवा सुपारी फुटली."

सुलक्षणानं मान डोलावली.

"त्या दिवशी मी खाली गेटपाशी अर्धा तास उभा होतो," तो हलकेच म्हणाला. "तू का नाही उतरलीस गं?"

"उतरले होते. अर्धा जिना. दादा काय म्हणेल म्हणून तिथंच थांबले."

मागून कुणीतरी खाकरलं, आणि एका म्हाताऱ्या बाईंनी तिच्या खांद्यावरून टोकन पुढे केलं. मार्तंडनं ते घेतलं. सुलक्षणा बाजूला सरली, आणि तिनं बाईंना वाट करून दिली.