ताईचा स्पंज

स्पंज या समुद्री प्राण्याला तोंड नसतं, पोट नसतं, तरी दिवसभर त्याचं जेवण चालूच. अंगभर बारीक छिद्रं. त्यांतून पाणी आत ओढायचं, त्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव गाळून खायचे आणि उरलेलं स्वच्छ पाणी वरच्या मोठ्या भोकातून सोडून द्यायचं. "माझ्यासारखाच आहे मेला. जागचा हलत नाही आणि खायचा थांबत नाही," मत्स्यालयात टाक्या सांभाळणारी ताई म्हणायची.

आता ताई महिनाभर दवाखान्यात बेशुद्ध होती आणि टाक्या तिकीट-खिडकीवर बसणाऱ्या धाकट्या बहिणीच्या गळ्यात पडल्या होत्या. आज दुपारी डॉक्टर ताईचं श्वासाचं यंत्र काढून बघणार होते. धाकटीचं कशातच लक्ष नव्हतं. टाक्यांमागच्या ओल्या, खारट वासाच्या बोळात उभं राहून ती काच घासायला लागली आणि मध्ये येतो म्हणून स्पंज सरळ हातात उचलून तिने शेजारच्या टाकीत ठेवला.

मग तिला एकदम आठवलं. स्पंज कधी पाण्याबाहेर काढायचा नसतो. छिद्रांत हवा अडकली की पाणी ओढता येत नाही आणि तो मरतो. भांडं पाण्यात बुडवून त्यातूनच हलवायचा, हे ताईने शंभरदा बजावलं होतं.

"गाढवपणा करायला आजचाच दिवस सापडला!" ती स्वतःवरच चरफडली.

तिने ड्रॉपरने शेवाळाचं हिरवट पाणी त्याच्या बुडाशी सोडलं. हिरवा ढग तिथेच तरंगत राहिला. पंपाची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"खा ना गं, ताई," तिच्या तोंडून निघून गेलं. स्पंजाला ताई का म्हटलं, तिचं तिलाच कळेना.

वरच्या भोकातून एक बुडबुडा निघाला. मग आणखी. ढग स्पंजाकडे ओढला जाऊ लागला. धाकटीला रडूच फुटलं.

पण हे नेहमीसारखं नव्हतं. स्पंजाचा प्रवाह अखंड असतो. इथे हिरवं पाणी आत जायचं, थांबायचं. वरून स्वच्छ पाणी बाहेर यायचं, थांबायचं.

आत. बाहेर.

आनंदाच्या भरात तिने आणखी दोन ड्रॉपर रिकामे केले.

फोन वाजला. दवाखान्यातून भाऊजी होते, रडताहेत की हसताहेत, समजेना.

"अगं, यंत्र काढलं. आधी श्वासच घेईना. मग लागली घ्यायला, आपली आपण! डोळे उघडले. बोललीसुद्धा!"

"काय म्हणाली?"



"नर्स चमच्याने पाणी द्यायला गेली, तर नको म्हणाली. धाकटीने आत्ताच भरवलंय, म्हणे. जरा जास्तच झालं."