सुट्टी व्हयनी का?

सावद्याच्या केळीच्या वखारीवर शेकोटी पेटली होती. ट्रक अजून आला नव्हता. घड वाहून दमलेले हिलाल आणि पुना हात शेकत बसले होते. उद्या दोघं जीप घेऊन पालच्या जंगलात जाणार होते. अंधार पडल्यावर घाटात सांबरं दिसतात, असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. म्हाताऱ्या उखर्डूआबांनी सगळं ऐकून घेतलं, विडी शेकोटीत टाकली आणि बोलायला लागले.

जा ना. पाल चांगलंच आहे. डोंगर पाहा, मोर पाहा, पाय दुखेस्तोवर हिंडा. पण दिवस मावळायच्या आत खाली या. का ते सांगतो. लीलाधर ड्रायव्हर माझा दोस्त. आणि त्या रात्री परत आलेली त्याची जीप मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे.

चार वर्षं झाली. चौऱ्याहत्तर साल, भोगीची रात्र. दुसऱ्या दिवशी संक्रांत. मी तेव्हा गौतमचंद शेठजींच्या कापडदुकानात होतो. शेठजींची मुलगी मोहनबाई आणि जावई निर्मलकुमार सणाला आले होते. जावई राजस्थानातले, त्यांना सातपुडा बघायचा होता. शेठजी लीलाधरला म्हणाले, "पाव्हण्यांना पाल दाखवून आण."

लीलाधर दोन रात्री बऱ्हाणपूरची भाडी मारून आलेला. डोळे लाल. पण नाही म्हणायलाही त्राण लागतं. गेला बिचारा.

दिवस छान गेला. वळणावळणावर थांबत घाट चढले. सागाच्या जंगलातून टेकडीवर पायी गेले. नीलगायी दिसल्या. जावयांचं मन भरेना. "थांबू अजून. सांबर पाहूनच जाऊ."

मोहनबाई थकल्या होत्या. दिवस मावळल्यावर त्या पाणीसुद्धा घेत नसत, धर्माचा नेम. सांबर काही दिसलं नाही. निघाले तेव्हा मिट्ट काळोख, आणि थंडी अशी की बोटं वाकेनात.

लीलाधरला झोप आवरेना. म्हणून त्यानं जवळचा रस्ता धरला. बहात्तरच्या दुष्काळात मजुरांनी खडी फोडून काढलेला, अर्धवट सुटलेला. दरड कोसळून त्यात काही मजूर गाडले गेले, तेव्हापासून काम बंद. लीलाधरला हे ठाऊक होतं. पण दमलेल्या माणसाला फक्त अंथरूण दिसतं.

जावई पुढच्या सीटवर झोपी गेले. मागच्या बाकड्यावर मोहनबाई एकट्या.

एका वळणावर दिव्यांच्या उजेडात बाई दिसली. डोक्यावर पाटी, पाटीत दगड. रस्त्याच्या मधोमध. हॉर्न दिला तरी बाजूला होईना. ब्रेक मारला, आणि गाडी बंद पडली.

बाई जवळ आली. बोली धुळ्याकडची.

"भाऊ, सुट्टी व्हयनी का?"

सुट्टी झाली का, म्हणून विचारत होती. लीलाधरला वाटलं, असेल कुणी मजूर. "आत्ता अंधारात कसलं काम, बाई?"

"मुकादम सांगी गया, येक खेप करा, मंग घर जा. मंग तो उनाच नही."

मुकादम आलाच नाही, असं सांगणारा तो आवाज भुताचा नव्हता, पोरांनो. दमलेला होता. नुसता दमलेला.

तिच्या मागं अंधारात दगडावर दगड पडत होते. ठक... ठक... कंदील एकही नाही.

तेव्हा लीलाधरला ती दरड आठवली.

पळावं तर गाडी बंद. लीलाधर मला सांगायचा, "उखर्डूभाऊ, भीती नंतर आली. आधी वाटलं, हिला कुणी सांगितलंच नाही रे!" त्याच्या तोंडून तिच्याच बोलीत, सगळ्यांसाठी आपोआप निघालं, "व्हयनी, माय. सुट्टी व्हयनी. बठ्ठा घर जा."

ठक थांबलं.

पाट्या खाली ठेवल्या गेल्या. एक... मग एक... मग कितीतरी.

"घर लांब शे, भाऊ," बाई म्हणाली.

आणि ड्रायव्हरची जन्माची सवय! तो बोलून गेला, "मग बसा."

दिव्यांसमोर कुणी उरलं नाही. त्यानं स्टार्टर दाबला. गाडी सुरू झाली, पण उचलेना. मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे दबले होते, जत्रेची माणसं भरल्यासारखे. गाडीचं तोंड वर झालं. दिवे झाडांच्या शेंड्यांवर. खाली रस्ता काळा. एका अंगाला दरी.

लीलाधर अंदाजानं उतरवत राहिला. ब्रेकवर पाय रोवला तरी गाडी ओढत होती.

जावई जागे झाले. मागं वळून पाहिलं. तोंड पुढं केलं.

थोड्या वेळानं मागून मोहनबाईंचा आवाज आला. अगदी हळू.

"लीलाधरभाऊ... यांना जरा सरकायला सांगा ना."

...

लीलाधरनं मान वळवली नाही. कसंबसं म्हणाला, "सरका, माय."

मागं काहीतरी सरकलं. गाडी एका अंगाला हलली. मग पुन्हा शांत.

घाट संपला. पायथ्याचा पाडा आला. लीलाधरनं गाडी थांबवली नाही. तरी ती हलकी झाली. थोडी... अजून थोडी... दिवे रस्त्यावर आले.

शेठजींच्या दारात मी कंदील घेऊन उभा होतो. जावई उतरले आणि चपला न काढता आत गेले. लीलाधर स्टीअरिंगवर डोकं ठेवून बसला. पुन्हा त्या डोंगरात तो कधी गेला नाही. आता केळीचा ट्रक चालवतो. आत्ता येईल तो ट्रक त्याचाच. विचारू नका त्याला काही.

मोहनबाई मात्र मागं तशाच बसून होत्या. ताठ. बाकड्याच्या पार कोपऱ्यात.

मी म्हटलं, "बाई, घर आलं. उतरा."

"हळू, उखर्डूभाऊ." ओठ जेमतेम हलले. "खांद्यावर झोपलंय. लहान आहे. सगळा घाट मी हलले नाही."

मी कंदील वर केला.

कुणी नव्हतं.

मोहनबाईंनीही मग मान वळवून पाहिलं. गर्द निळी साडी. खांद्यावर दगडाची पांढरी धूळ, आणि धुळीत एक छाप. एवढासा गाल... एवढासा कान.

गालाच्या खाली, झोपेत तोंड उघडं राहतं ना पोरांचं, तिथं साडी लाळेनं भिजली होती.

मी बोट लावलं.

कोमट होती.