गेरूची सावली

माझे नाव धोंडिबा सीताराम शिंदे. वय एकोणऐंशी. शाळा चौथीतच सुटली. पुढचे सारे मी स्वतः वाचून मिळवले. म्हणूनच पवनानगरला पर्यटकांना तंबूंत राहायला देण्याचा व्यवसाय चालवणारी माझी नात पायल मला कड्यातील कपारीकडे घेऊन गेली. तेथे आदिमानवाने गेरूने काढलेली चित्रे आहेत. ती पाहुण्यांना दाखवण्यासाठी आत दिवा लावावा की नाही, एवढेच तिला विचारायचे होते.

वाट दाखवायला वस्तीवरच्या भामाबाई आल्या होत्या. कपारीच्या तोंडावर त्यांनीच घोंगडे बांधलेले असते. ते जरासे सारून आम्ही आत शिरलो.

"उजेडाकडं पाठ करून हुबं ऱ्हावा, आबा. आपली सावली चित्रावर पडू द्यायची. हितली रीतच हाय."

"प्रकाशाने वनस्पतींचे रंग विटतात," मी म्हणालो. "गेरू म्हणजे लोखंडाचा गंज. तो विटत नाही."

"व्हय. पर तुमची पुस्तकं भिंतीनं वाचल्यात का?"

पायल हसली. तिने बॅटरीवरचा दिवा भिंतीच्या पायथ्याशी ठेवला आणि लावला. आमच्या सावल्या भिंतीवरून निघून मागे, घोंगड्यावर गेल्या.

समोर भिंतीवर हात उगारलेला, गेरूने काढलेला एक माणूस उजळून निघाला. ओल्या मातीचा वास दाटला. आत कुठेतरी पाणी ठिबकत होते, ते थांबले.

"आजोबा... हा फिका होतोय का?"

मी चष्मा पुसला. प्रथम पाय गेले, मग धड. शेवटी उगारलेला हात. दगड कोरा राहिला.

"दिवा मालीव..." भामाबाई पुटपुटल्या. "पोरी, मागं बघू नगंस..."

मी पाहिले. घोंगड्यावर तिघांच्या सावल्या होत्या. पायलचे दोन्ही हात खाली होते. तिच्या सावलीचा एक हात वर होता, आणि ती सावली तांबूस होती.

दिवा विझवून आम्ही उतरलो. खाली भातखाचरांवर लख्ख ऊन होते. पायलची सावली तिच्यापुढे चालत होती. हात तसाच उगारलेला.

"मावशी... ही जाईल ना?"

"तितं किती वर्सं हुबा हुता त्यो," भामाबाई हळूच म्हणाल्या, "कुणाला ठावं..."

त्या दिवसापासून पायल आभाळ भरून आले असेल तरच घराबाहेर पडते. मीही वाचन सोडले आहे. पान उलटताना कागदावर हाताची सावली पडते; अलीकडे तिच्या कडा तांबूस दिसू लागल्या आहेत.