गुणाजीचा फोन

फोनवरून कॉम्प्युटर चालवायचं ते ॲप जुळत नाही, एवढ्याशा कामासाठी कॉम्प्युटर दुरुस्त करणारा हर्षद मिरकरवाडा बंदरावर आला होता. तिन्हीसांज झाली होती. बर्फाच्या दुकानामागच्या खोलीत ओल्या जाळ्यांचा वास कोंडला होता आणि सागर तोंड वाकडं करून बसला होता. 'या' नाही, 'बसा' नाही. नुसतं म्हणाला, "जोडला की तुटताय. बघ काय ता."

हर्षदने मनातल्या मनात त्याला एक शिवी हासडली आणि जोडलेल्या फोनांची यादी उघडली.

"दुसरा फोन मधे येतोय. गुणाजी. हे कोण?"

सागरचा चेहरा उतरला. "थोरला भाव माजा... शिमग्याआधी दर्यात गेला. फोन पण त्याच्यासंगती गेला."

ती हकिगत बंदरावर सगळ्यांना ठाऊक होती. बोटीच्या पंख्यात जाळं अडकलं, ते सोडवायला गुणाजी कमरेला दोर बांधून पाण्यात उतरला. वरून दोर धरला होता सागरने. दोर तुटला, असं सागर सांगायचा. मढं काही सापडलं नाही.

"असं कसं होईल?" हर्षद वैतागला. "हे ॲप घरच्या वायफायवरच चालतं. म्हणजे तो फोन इथेच कुठेतरी आहे. शोधा."

"नाय म्हटला ना! काढ त्याचा नाव!"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. पण हर्षदच्या ते लक्षात आलं नाही. एवढ्यात गुणाजीची बायको सगुणा दारात येऊन उभी राहिली. हातात अजून हिरवा चुडा होता.

"नाव काढू नको, दादा. माणूस गावला नाय तवर आमी त्याचा नाव काढीत नाय."

"तू आत जा, वैनी!" सागर खेकसला.

दुसऱ्यांच्या भांडणात कोण पडतं? हर्षदने नाव काढलं. सागरचा फोन झटकन जुळला. सागरने तो टेबलावर ठेवला, तोच कॉम्प्युटरच्या पडद्यावर चौकट उघडली. गुणाजी जोडू पाहतोय. परवानगी?

हर्षदने 'नाही' दाबलं. चौकट पुन्हा आली. पुन्हा 'नाही'. चौकट तिसऱ्यांदा आली, तसा त्याचा हात परत माऊसकडे गेला. सगुणाने तो हात बाजूला सारला आणि 'हो' दाबलं.

गुणाजीच्या नावापुढे रेंजची एक काडी दिसली. मग दोन. कुणी बंदराकडून चढण चढून यावं तशा त्या वाढत गेल्या... कीबोर्डला कुणाचाही हात नव्हता, तरी पडद्यावर अक्षरं उमटली.

'दोर तुटला नव्हता.'

"वैनी... तेनी मलापण ओढला असता गो..."

खुर्ची पाडून सागर धावत सुटला. उतारावरून त्याची पावलं धक्क्याच्या दिशेने वाजत गेली. सगुणा जागची हलली नाही.

हर्षद पडद्याकडे बघत राहिला. त्याला भयंकर भीती वाटत होती. गुणाजीच्या काड्या कमी होत होत्या. आणि त्याच्या बरोबरीने, पावलाला पाऊल लावून, सागरच्याही. मग दोघांची एकेकच उरली...

सागरचा फोन टेबलावरच होता, हर्षदच्या हाताशी.