‘घर’ रूपांतरित होत आहे

रिस्टार्टच्या बाबांचा आवाज गेला आणि परत आला नाही.

हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. काही झालेलं नाही. बाबा ठणठणीत आहेत, जेवतात, पेपर वाचतात.

बाकी पुढे आहे ते अक्षरशः घडलेलं आहे. खोटंच सांगायचं असतं तर निदान केस मोकळे सोडलेली एखादी बाई तरी घातली असती. इथे फक्त एक कॉम्प्युटर आहे.

रविवार होता. दुपारचे अडीच. लख्ख ऊन.

रिस्टार्ट म्हणजे माझा मावसभाऊ. मिक्सर बिघडो, कॉम्प्युटर बिघडो, नाहीतर कुणाचा संसार, याचा सल्ला ठरलेला: "बंद करून परत चालू कर." म्हणून ते नाव. त्याचे बाबा रेल्वे स्टेशनवर घोषणा करायचे. चौतीस वर्षं. रिटायर झाले, पण सवय सुटली नाही. "कृपया लक्ष द्या. बाथरूम रिकामं झालेलं आहे."

मावशीला जाऊन दोन वर्षं झाली होती. ती काम करता करता गुणगुणायची आणि बाबा गुपचूप रेकॉर्ड करून ठेवायचे. अशा एकेचाळीस फाईली कॉम्प्युटरवर होत्या. एकेक एवढी अवजड, की बाबांच्या फोनमध्ये तीनसुद्धा मावेनात.

"लहान करून दे ना रे," बाबा म्हणाले. "झोपताना ऐकेन."

"करतो. पण माणसाला जे ऐकू येत नाही, तेवढं काढून टाकतात हं त्यात."

"तुझ्या आईचं मला ऐकू न आलेलं पुष्कळ आहे. चाळीस वर्षं ती तेच म्हणायची. काढ."

रिस्टार्टने कुठूनतरी एक फुकटचा प्रोग्रॅम उतरवून घेतला. आईचा फोल्डर निवडला. त्या फोल्डरला त्यानेच कधीतरी नाव दिलं होतं... ‘घर’.

स्क्रीनवर चौकट आली.

‘घर’ रूपांतरित करायचं? मूळ प्रत काढून टाकायची?

डिस्कवर जागा नव्हती. त्याने दोन्हीला ‘हो’ केलं. आपण सगळेच करतो. वाचतो कोण?

यादी सरकू लागली. एकेक नाव हिरवं होत गेलं. एकोणचाळीस... चाळीस... एकेचाळीस.

बेचाळीस.

बेचाळिसाव्या फाईलचं नाव होतं... ‘फ्रिज’.

ते हिरवं झालं, आणि स्वयंपाकघरातली घरघर थांबली.

रिस्टार्टने जाऊन दार उघडलं. आत दिवा होता. गारवा होता. दूधही गार होतं. फक्त आवाज नव्हता.

तो परत आला तेव्हा ‘नळ’ हिरवा झाला होता. बादलीत धार पडत होती... मुकी.

मग ‘जिना’. वरच्या मजल्यावरचा शिंपी रोज लाकडी जिना बडवत उतरायचा. तो दारावरून गेला. पायरी वाजली नाही.

रिस्टार्टने ‘रद्द करा’ दाबलं.

उत्तर आलं: थोडं थांबा.

त्याने प्लग उपटला. यूपीएस कुंईकुंई करायला लागला. यादीत ‘यूपीएस’ आलं आणि ती कुंईकुंईही बंद. कॉम्प्युटर मात्र चालूच.

खालचं नाव हिरवं व्हायला लागलं होतं. ‘बाबा’.

"बाबा, बाहेर जा."

"कुठे?"

"कुठेही. घराबाहेर. आत्ता."

"चपला तरी घालू देशील?" बाबा वाकून कपाटाखाली बघत होते. "कृपया लक्ष द्या. प्रवाशाला कारण न सांगता गाडीतून उतरवणं हे..."

वाक्य तिथे थांबलं.

ओठ थांबले नाहीत. ओठांनी वाक्य पुरं केलं, हाताने टाळीसुद्धा मागितली. मग बाबांनी स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला आणि मुलाकडे बघितलं.

रिस्टार्टने त्याला येत होतं ते केलं. बंद करून परत चालू केलं.

काही फरक पडला नाही.

डॉक्टर म्हणाले, घसा उत्तम आहे, असा घसा चाळिशीतसुद्धा बघायला मिळत नाही. फ्रिज नवा आणला. तो व्यवस्थित घरघरतो. बाबा नवे आणता येत नाहीत.

तिसऱ्या दिवशी रिस्टार्टने ती फाईल उघडली. ‘बाबा’. चार मिनिटं.

आधी फ्रिजची घरघर आली. मग नळाची धार. मग लाकडी जिन्यावर पावलं. मग बाबांचा आवाज...

"कृपया लक्ष द्या."

आणि अगदी जवळून, मावशी.

"अहो, आता तरी ऐकू येतंय का, मी काय म्हणते ते?"

"येतंय गं. सगळं येतंय."

दारात बाबा उभे होते. त्यांनी कागद ओढला आणि लिहिलं: परत लाव.

परत लावलं. या वेळी ती दोघं वेगळंच काहीतरी बोलत होती. फाईल पाच मिनिटांची झाली होती.

आता ती नऊ तासांची आहे. बाबा सकाळी हेडफोन घालतात. मावशीने काही विचारलं की यांचे ओठ हलतात. पण आतला आवाज आधीच उत्तर देऊन मोकळा होतो. परवा ते त्या आवाजावर रागावल्यासारखे दिसले.

रिस्टार्टने फाईल उलटी, जुन्या स्वरूपात आणून बघितली. ती दसपट मोठी झाली. बाबांच्या तोंडून शब्द निघाला नाही. एकदा काढून टाकलेलं त्यात परत येत नाही, नुसती जागा वाढते. हे त्यालाही माहीत होतं. तरी त्याने सतरा वेळा केलं.

मी त्या घरी गेलो की हल्ली सारखा काहीतरी बोलत राहतो. कशासाठी ते विचारू नका.

प्रोग्रॅम बनवणाऱ्यांचा पत्ता, फोन, काहीच सापडलं नाही. तळाशी ‘तक्रार’ म्हणून एक रिकामी चौकट आहे. रिस्टार्ट दर सोमवारी त्यात हेच लिहून पाठवतो:

"महोदय, माझ्या वडिलांचा आवाज दर्जात कोणतीही घट न होता मूळ ठिकाणी परत मिळावा. आईच्या आवाजाबाबत अर्जदाराची तक्रार नाही. वरील गोष्ट नियमात बसत नसल्यास, अर्जदाराचेही रूपांतर करून त्यास त्याच फोल्डरमध्ये ठेवण्यात यावे, ही नम्र विनंती. कळावे."