ताडपत्रीतला कॉम्प्युटर

प्राचीचा कॉम्प्युटर असाच मधूनमधून बंद पडत राहिला असता, तर सगळ्यात मोठा फायदा विनेशचा होता. दुरुस्तीच्या निमित्ताने रेवसजवळच्या त्या कोळीवाड्यात हक्काने जाता आलं असतं, प्राचीच्या हातचा चहा मिळाला असता, आणि मुख्य म्हणजे प्राची गावातच राहिली असती. सुधारला, तर ती ऑनलाइन परीक्षा देणार, पास होणार – हुशारच होती ती – आणि नोकरीला मुंबईला निघून जाणार. इतका सरळ हिशोब कुठल्याही धंदेवाल्याला कळला असता. पण विनेशला धंदा कळत नव्हता, हे त्याच्या दुकानाकडे बघूनही कळे.

अलिबागच्या त्या अरुंद दुकानात ती पहिल्यांदा आली, ती कडेवर मासळीची पाटी घेऊन. विनेश मान वर न करताच म्हणाला, "मावशी, आज मासळी नको."

"मलाही भाचा नकोय," उत्तर आलं.

त्याने वर पाहिलं. पाटीत कॉम्प्युटरचा डबा होता. आणि पाटीच्या वर असे डोळे... की हातातला स्क्रू ड्रायव्हर सुटून टेबलाखाली गेला.

"काय होतंय ह्याला?" त्याने कसंबसं विचारलं.

"चालता चालता बंद पडतो. न सांगता, न सवरता."

"म्हणजे रुसतो."

"रुसला असता तर मीच मनवला असता. तुमच्याकडे कशाला आणला असता?"

दुकानात तो दिवसभर तक्रार न करता चालला. प्राची त्याला पाटीत घालून घरी घेऊन गेली, आणि संध्याकाळीच तिचा फोन आला – "पडला बंद!"

मग विनेश तिच्या घरी गेला. अंगणात बांबूंवर बोंबील वाळत होते, खारा वारा सुटला होता. त्याने प्लग तपासला, वायरी बदलल्या, तीनदा चहा घेतला. कॉम्प्युटर मजेत चालत राहिला. तो दुकानात पोचतो न पोचतो तोच पुन्हा फोन. पुढच्या खेपेलाही तेच.

"तुम्ही असलात की चालतो, गेलात की बंद पडतो," प्राची म्हणाली. "जीव जडलाय तुमच्यावर."

"कुणाचा?"

"कॉम्प्युटरचा हो!" ती म्हणाली... पण बोलताना ओढणीचं टोक उगाचच बोटाला गुंडाळलं गेलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी विनेश तिच्या घरून निघाला आणि हेल्मेट विसरला म्हणून अर्ध्या वाटेतून परत फिरला. (खरंच विसरला होता की कसं, ते हेल्मेटलाच ठाऊक.) दारात येऊन बघतो, तर प्राचीचे वडील, अनंता नाखवा, चालू कॉम्प्युटरच्या डब्याला निळी ताडपत्री गुंडाळून वरून दोरी आवळत होते. पडदा तेवढा बाहेर.

"हे काय, नाखवा?"

"खारा वारा लोखंड खातो, पोरा. पावसाळ्यात मासेमारी बंदीच्या दिवसांत होडी वर वढली की इंजिन असंच बांधतो आपण. गंज चढत न्हाय. हा आणला तवापासून असाच बांधून ठेवलाय."

"मग मी आलो की कुठे जाते ताडपत्री?"

"पाव्हण्यासमोर बरी दिसते काय ती?" नाखवा ओशाळून म्हणाले.

विनेश गाठ सोडत हळूच म्हणाला, "नाखवा, होडीचं इंजिन तेव्हा झोपलेलं असतं. हा पांघरुणात काम करतोय. कोंडतो, तापतो, आणि जळू नये म्हणून आपणच बंद पडतो."

नाखव्यांचा चेहरा उतरला. लेकीची वस्तू जिवापाड जपली होती त्यांनी. विनेश घाईने म्हणाला, "पण गंज बघा, कुठे टिपकासुद्धा नाही. आमच्या दुकानातले डबे बघाल तर रडाल!"

डबा उघडला. तापून तापून आतल्या पंख्याने मान टाकली होती. नवा पंखा मुंबईहून यायला दोन दिवस, आणि परीक्षा उद्या सकाळी. नोंदवलेल्या ह्याच कॉम्प्युटरवर द्यायची, कॅमेऱ्यात दुसरं माणूस दिसायला नको, आवाजही नको. टेबलफॅन लावून पाहिला, तर त्याची घरघर माइकमध्ये गेली.

आता विनेशने 'माझ्या हातात काही नाही' एवढंच म्हणायचं होतं. ते खोटंही नव्हतं. प्राचीने टेबलावरचं पेन उचललं, बघितलं, परत ठेवलं. आणि तेच विनेशला सोसवलं नाही.

"चुलीचा विंझणा आहे का हो घरात?" त्याने विचारलं.

दुसऱ्या दिवशी प्राची परीक्षेला बसली तेव्हा टेबलाखाली विनेश घडी घालून ठेवल्यासारखा बसला होता, आणि तिथेच ठेवलेल्या उघड्या डब्याला विंझण्याने वारा घालत होता. प्रत्येक हेलकाव्याबरोबर तो तिला थोडी थोडी मुंबईकडे ढकलत होता, हे त्याला कळत होतं. हात भरून आला, वारा मंदावला, की तिचं पाऊल त्याच्या गुडघ्याला अलगद लागायचं... आणि वारा पुन्हा जोरात सुरू व्हायचा. कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही.

शेवटचं उत्तर देऊन, कॅमेरा बंद करून ती खाली वाकली. त्याच्या केसांत चुलीची राख होती.

"पास झाले तर मी जाणार, माहीत होतं ना?"

"होतं."

"मग वारा कशाला घातलात?"

"तुम्ही इथे अडकून राहिला असतात, तर मला... म्हणजे रोज तुमच्याकडे बघताना मी..." पुढे गाडी सरकेना.

"पडलात बंद?"

त्याने मान हलवली.

"तापलात वाटतं. कान बघा केवढे लाल झालेत!" तिने त्याच्या हातातून विंझणा घेतला आणि त्याला वारा घालू लागली. मग ती म्हणाली, "शनिवारी लाँचने येत जाईन. रेवसच्या धक्क्यावर असेल कुणी न्यायला?"

"असेल."

"आणि मावशी नाही ना म्हणणार?"

नोकरी लागली. ताडपत्री पुन्हा होडीच्या इंजिनावर गेली. नाखव्यांच्या घरातला संध्याकाळचा बोलका आवाज गेला. विनेशने आठवड्याचे सगळे वार दिले आणि एक शनिवार घेतला. धंद्यात कच्चाच, त्यामुळे त्याला हा सौदा नफ्याचा वाटतो. शनिवारी धक्क्याच्या एका टोकाला तो उभा असतो, दुसऱ्या टोकाला भरती बघायला आल्याचं सोंग करून नाखवा. किंमत दोघांनी मोजली, म्हणून वाटही दोघं बघतात. लाँच लागते, प्राची उतरते, हात बापाच्या हातात देते... आणि जड पिशवी विनेशच्या.